सुनेच्या चिठ्ठ्या मी चुलीत घातल्या

बायांनो, आज माझी मलाच लाज वाटतेय.

माझ्या सुनेची परवा नर्सिंगला जायची परीक्षा आहे. तिने स्वयंपाकघरात जागोजागी इंग्रजी शब्दांची मुळं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पाण्याच्या हंड्यावर 'हायड्रो म्हणजे पाणी, ग्रीक'. मिठाच्या बरणीवर 'सॅल म्हणजे मीठ, लॅटिन, त्यावरून सलाईन'. थर्मासलासुद्धा सोडलं नव्हतं.

सकाळी शेजारीण आली आणि हसली, "काय गो, सुनेन घर विकूक काढल्यान काय?"

माझं डोकं फिरलं. सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून चुलीत घातल्या. वर तिलाच म्हटलं, "अभ्यास वहीत करूक जमणा नाय?"

ती हळूच म्हणाली, "आई, वही घेऊन बसूक खंय गावता? इंग्रजी शब्द खंयसून इले, ता भाकरी थापताना वाचून पाठ करतंय."

खोटं नाही, वही घेऊन बसायला तिला मिळतंच कुठे? तिने वही उघडली की मला नेमके तेव्हाच मासे साफ करून हवे असतात.

आता ती भाकऱ्या थापतेय. 'ऊठ, मी करते, तू अभ्यासाला बस,' एवढंच म्हणायचंय, पण दारातून पाय पुढे होत नाही.

तुमच्यात कुणी सुनेची माफी मागितलीय? पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं सांगा.