युरियातली गाठ

आमच्या जबलपूरच्या लॅबमध्ये रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासायचं, हे माझं काम. लोक सुईला घाबरतात आणि घाबरलेला माणूस वाट्टेल ते बोलतो. त्यामुळे इथे किस्से आपोआप साचतात. झाडून काढावे म्हटलं तरी निघत नाहीत!

*

निळ्या झाकणाच्या नळीत रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, नाहीतर टेस्ट चुकते. एकदा रिछाईच्या एका कारखान्यातले क्वालिटी इन्स्पेक्टर आले. सुई हातात टोचलेली असतानाच डोळे बारीक करून म्हणाले, "दीदी, लाइन को टच नहीं हुआ. रिजेक्ट!"

मी मुकाट्याने दुसरी नळी घेतली. पेशंटने स्वतःचंच रक्त नापास केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते आम्ही स्टाफच देतो. आमचे सीनियर टेक्निशियन मेश्रामजी, राहणार रांझी, यात सगळ्यांत पुढे. रिपोर्ट आला की कॉलर ताठ करून सांगतात, "मी सर्टिफाइड नॉर्मल आहे!"

एकदा वहिनी त्यांचा डबा घेऊन आल्या, तर त्यांनाही हेच ऐकवलं. वहिनी शांतपणे मला म्हणाल्या, "काहून ताई, मशीन बिघडली का तुमची?"

*

मग आली पनागरची सविता. सोबत सासू, वानखेडे काकू. सविताला जखम झाली की रक्त थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहायचं. दोनदा गर्भ पडला होता. नातेवाइकांनी तर 'मुलाला दुसरी बायको करा' म्हणून सांगूनही टाकलं होतं. काकूंनी फाईल माझ्या टेबलावर आपटली.

"सगळे म्हणून राहिले, नॉर्मल आहे, नॉर्मल आहे. अन् पोरगी वाळून राहिली! दुसरी सून नाही पाहिजे मला. हीच पाहिजे."

आमच्या डॉक्टर मॅडमनी एक जुनी टेस्ट करायला सांगितली. रक्ताची गाठ बनवून युरियाच्या पाण्यात एक दिवस ठेवायची. गाठ पक्की करणारं प्रथिन रक्तात असेल तर ती टिकते, नसेल तर विरघळते.

"युरिया? तो तर आम्ही वांग्यांना टाकतो!" काकू म्हणाल्या. "अन् रिपोर्ट उद्या काहून? दही लावून राहिली का?"

*

दुसऱ्या दिवशी सविताच्या नळीत नुसतं पाणी. शेजारी मेश्रामजींची गाठ मात्र जशीच्या तशी! काकूंचा चेहरा उतरला. मॅडम मात्र खुशीत होत्या. दुखणं सापडलं होतं आणि त्यावर इलाज होता.

"फॅक्टर तेरा नाहीये हिच्या रक्तात," त्या म्हणाल्या.

"तेराचं नाव नका काढू मॅडम!" काकूंनी कानांवर हात ठेवले. "माणूस गेल्यावर तेरावं करतात!"

तेव्हापासून काकूंसमोर आम्ही सगळे 'बारा अधिक एक' म्हणतो. मॅडमसुद्धा.

*

सविताला पुन्हा दिवस गेले. तिच्या रक्तात नसलेलं प्रथिन रक्तपेढीच्या पिशवीतून मिळायचं. ती पिशवी चढवायला सविता ठरलेल्या दिवशी लॅबशेजारच्या वॉर्डात यायची. तिच्यासोबत काकू आणि काकूंसोबत थैलीभर वांगी. पुढे पुढे आमच्या घरी वांग्यांचं नाव काढलं की भांडणं व्हायची. पण काकूंना 'नको' कोणी म्हणेना. वांगी आली म्हणजे पोटातलं बाळ ठीक आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा ठरलेल्या दिवशी वांगी आली नाहीत. मेश्रामजींनी डबा उघडला नाही. मलाही जेवण गेलं नाही. दुपार कलल्यावर काकू घामाघूम होऊन आल्या, मागे सविता.

"बस पंक्चर झाली! असे काहून पाहून राहिले सगळे?"

मेश्रामजींनी डबा उघडला. आत वांग्याचीच भाजी होती. चाटूनपुसून खाल्ली!

*

मुलगी झाली. आईचा दोष तिच्यात उतरला का, ते बघायला तिचं थोडंसं रक्त आलं. मेश्रामजींनी हलक्या हाताने गाठ युरियात सोडली आणि शेजारी स्वतःची ठेवली.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी काकू दारात हजर.

मी मुलीची नळी उजेडात धरली. गाठ होती. नळी हलवली. तरी होती.

काकूंनी कमरेच्या बटव्यातून काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि नळीच्या काचेला तीट लावली.

मग म्हणाल्या, "अन् ही बाजूची कोणाची?"

"माझी," मेश्रामजी म्हणाले.

काकूंनी तिलाही तीट लावली.