भिंगरीचे हात

आमच्या बाई मुलांना शिकवायच्या नाहीत. हे त्या स्वतःच सांगायच्या. बालवाडीत नाव घालायला आलेले आईबाप विचारायचे, "इथं काय काय शिकवता?" तर बाई म्हणायच्या, "मी सामान मांडते. शिकायचं काम मुलं करतात." आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. काही जण तिथूनच काढता पाय घ्यायचे.

मी त्या बालवाडीत मदतनीस होते. मुलं मला मावशी म्हणायची, म्हणून बाईही मावशीच म्हणायच्या. लॉन्ड्रीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि एक लांबट व्हरांडा, एवढाच शाळेचा पसारा. इस्त्रीची वाफ खिडकीतून आत यायची आणि थंडीत काचा धुरकट व्हायच्या. मग मुलं त्या काचांवर बोटांनी रेघोट्या ओढायची. बाई म्हणायच्या, "पुसू नका मावशी, पाटी फुकट मिळालीय."

सामान म्हणजे तरी काय? पाण्याचा टब, त्यात प्लॅस्टिकचा मग, गाळणी, नरसाळं. एका ताटात वेगवेगळ्या बिया मिसळलेल्या, त्या निवडून वाट्यांत घालायच्या. चिमट्यानं उचलायचे कापसाचे गोळे. जुन्या शर्टाच्या पट्ट्या लाकडी चौकटीवर ठोकलेल्या, त्यांची बटणं लावायची आणि काढायची. लहान-मोठे मणी आणि टोकाला मेण लावून ताठ केलेली दोरी. आणि झाकणं! बरणीची, डब्याची, बाटलीची. बाईंनी अख्ख्या गल्लीकडून झाकणं गोळा केली होती. कोणाची बाटली रिकामी झाली की आधी आमच्या दारात यायची.

बाईंचा नियम एकच होता. मूल काही करत असेल तेव्हा मोठ्या माणसानं हात मागे बांधून उभं राहायचं. सांडू दे, पडू दे, चुकू दे. मला ते फार जड जायचं. एखादं पोर बटणाशी झटत असलं की माझी बोटं वळवळायची. बाई लांबूनच डोळे वटारायच्या.

पालकसभेला तर त्या गंमत करायच्या. सगळ्यांना जाडजूड लोकरी हातमोजे घालायला लावून मणी ओवायला बसवायच्या. मोठमोठे बाप्ये घामाघूम व्हायचे. मणी टेबलाखाली गडगडत जायचे, हशा पिकायचा. मग बाई म्हणायच्या, "तुमच्या पोराची बोटं सध्या अशीच आहेत. उद्या सकाळी बूट घालताना त्याच्यावर खेकसण्याआधी हे आठवा."

बाईंचे यजमान लवकर गेले. एकच मुलगी, ती या दोन खोल्यांतच वाढली. पुढं चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न झालं. जावई मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, पण माणूस मायाळू. त्यांना मुलगी झाली. पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरायची नाही, गोल गोल फिरायची आणि धपकन बसून हसायची. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दोन वर्षांची झाली तशी लेक तिला सकाळी आमच्याकडे सोडून दुकानात जायला लागली.

बाईंना नातीचं कौतुक होतं, पण वर्गात त्या दाखवायच्या नाहीत. भिंगरी "आज्जी" म्हणून धावत आली की त्या म्हणायच्या, "इथं मी बाई. आज्जी घरी गेल्यावर." पोरगी हुशार होती. झाकणं तर पटापट फिरवायची. मोठे मणी ओवायची आणि माळ झाली की माझ्या गळ्यात घालायला यायची. "मावशी, घे," म्हणायची. पाणी, दे, घे, नको, गेलं, असे बरेच शब्द होते तिच्याकडे.

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं.

आधी मणी सुटायला लागले. दोरी एका हातात, मणी दुसऱ्या हातात, आणि ते दोन्ही हात एकमेकांना भेटतच नव्हते. ती बघत राहायची. मग दोरी गळून पडायची आणि तीही उठून जायची. बाई म्हणाल्या, "कंटाळली मण्यांना. दुसरं काहीतरी मांडू." दुसरं मांडलं. काही दिवसांनी झाकणंही बंद झाली. "घे" हा शब्द ऐकू येईनासा झाला. आणि मग ती हात चोळायला लागली. साबण लावल्यासारखे दोन्ही हात छातीपाशी धरून एकावर एक फिरवत राहायची.

मी बाईंना म्हटलं, "बाई, भिंगरीच्या हातांचं काहीतरी वेगळंच चाललंय. आधी करत होती ते आता करत नाही."

बाई बिया निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, तुम्ही टबातलं पाणी बदला."

मला लागलं ते. कारण याच बाईंनी एकदा एका मुलाच्या आईला आठवड्याभरात गाठलं होतं, "याला ऐकू येत नाही, तपासून घ्या." ती आई चिडली, भांडली, पण बाई हटल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या पोराच्या बाबतीत त्यांची नजर घारीसारखी होती. नातीच्या बाबतीत मात्र त्यांनी ती नजर जणू काढूनच ठेवली होती.

खरं तर त्यांना दिसत होतं. मला ते नंतर कळलं. शाळा सुटल्यावर मी झाडलोट करत असायचे, तेव्हा मागच्या खोलीत बाई भिंगरीला घेऊन बसायच्या. मणी, दोरी, पुन्हा मणी. "बघ, हा असा. आता तू. कालपरवा तर करत होतीस की गं." आवाज गोड असायचा, पण त्याच्या खाली काहीतरी ताणलेलं असायचं. रोज तेच. लेक दुकानातून येईपर्यंत.

एके दिवशी भिंगरीचं हात चोळणं थांबेचना. बाईंनी तिचं मनगट धरलं, बोटं उघडली, मणी त्यात दाबून बसवला आणि वरून स्वतःची मूठ आवळली. "धर. धर म्हणते ना! धर!" मी बाईंना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. पोरगी किंचाळायला लागली. मी झाडू टाकून धावले, तर दारात लेक उभी. तिची पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली होती.

"आई, सोड तिला."

बाईंनी सोडलं. भिंगरीच्या तळव्यावर मण्याचा गोल वळ उठला होता.

"किती दिवस चाललंय हे?" लेकीनं विचारलं.

"अगं, सवय मोडलीय तिची. थोडा सराव केला की..."

"मी तुला महिनाभर विचारतेय, ही बोलत का नाही? तू म्हणतेस, होईल. होईल, होईल! जगभराच्या पोरांचं तुला कळतं, आणि हिचं..." तिनं भिंगरीला उचललं. पोरगी तिच्या खांद्यावरही हात चोळतच होती.

त्यानंतर दवाखाने सुरू झाले. जावयांनी फेऱ्या बुडवल्या. रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे. शेवटच्या भेटीला लेकीनं आईलाही बोलावलं, का कोण जाणे. बाई मला सोबत घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला सावकाश. त्यांनी भिंगरीचा हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

"हिच्या हातांत दोष नाही," त्या म्हणाल्या. "हाताला काय करायचं ते डोक्याकडून पोहोचत नाही. हजारोंत एखाद्या मुलीला होतं हे. सुरुवातीला सगळं नीट चालतं, मग आलेलं निघून जायला लागतं. यात तुमच्यापैकी कोणाची काही चूक नाही."

"परत येईल?" जावयांनी विचारलं.

"बोलणं आणि हात... मी खोटी आशा दाखवणार नाही."

मग बाईंनी तोंड उघडलं. "मी शिकवते. बालवाडीच चालवते. रोज बसले तिच्यापाशी, तर काहीतरी..."

डॉक्टर बाईंकडे वळल्या. "बसा की. तिला तुमच्यापाशी आवडेल. पण हे शिकवण्यानं गेलेलं नाही, आणि शिकवण्यानं परत येणारही नाही."

परतताना आम्ही सगळे एकाच रिक्षात दाटीवाटीनं बसलो. सिग्नलला भिंगरी बाहेरच्या दिव्याकडे बघून हसली. तेव्हा जावयांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

लेकीनं मुलीला आमच्याकडे पाठवणं थांबवलं. दुकानातून रजा घेतली, मग बिनपगारी रजा. आईशी भांडली नाही, पण फोन आला की "बरी आहे" एवढंच म्हणायची. इकडे बाई रोज शाळा उघडायच्या, सामान मांडायच्या, पण त्यांचं लक्ष नसायचं. पोरं पाणी सांडायची, त्यांना हाक मारायची, तरी त्या हाताची घडी घालून बसलेल्या. एका दुपारी मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगितलं होतंत."

मी म्हटलं, "ऐकून काय झालं असतं, बाई? डॉक्टरांनी काय म्हटलं ते ऐकलंत ना."

"त्याचं नाही हो. मी तिचा हात आवळला. तिला नाही धरता येत, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच आवळला."

मी चहा ठेवला.

शेवटी लेकच आली. कामावर रुजू व्हायला दुकानवाल्यांनी सांगितलं होतं, आणि एकट्या जावयांवर घर चालणं कठीण होतं. भिंगरीला सांभाळायला कोणी तयार होईना. लेक व्हरांड्यातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "आई, तू येशील का आमच्याकडे?" बाईंनी तिला विचारलंसुद्धा नाही, किती दिवसांसाठी. महिन्याअखेर त्यांनी शाळा दुसऱ्या एका बाईंना चालवायला दिली. नव्या बाई चांगल्या आहेत, मुलांशी हसून-खेळून असतात. मी अजून तिथंच आहे.

मी रविवारी बाईंकडे जायचे. पहिल्या वर्षी त्यांनी खूप खटपट केली. मणी गेले होते, म्हणून मोठ्या कड्या आणल्या. कड्या जमेनात, म्हणून चेंडू. चेंडू धरता येईना, म्हणून पिठाचा गोळा हातावर ठेवायचा. आम्ही मुलांना जसं टप्प्याटप्प्यानं वर नेतो, तशा बाई एकेक पायरी खाली उतरत होत्या. शेवटी राहिलं पाणी. कोमट पाण्याचा टब मांडीवर घेऊन बसायच्या आणि भिंगरीचे हात त्यात सोडायच्या. एका रविवारी माझ्यादेखत ते हात पाण्यात एकमेकांपासून सुटले. एक इकडे, एक तिकडे, बोटं उघडी, नुसती तरंगत राहिली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मला बघवेना. "पाहिलंत? पाहिलंत ना?" पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. टब कोपऱ्यात उपडा ठेवलेला होता. "पुन्हा नाही झालं," बाई म्हणाल्या. "आठवडाभर केलं. ती रडते आता पाणी बघून. बास."

त्यानंतर बाईंनी काही मांडलं नाही. त्या तिला भरवतात, पुसतात, केस विंचरतात. दोन वाट्या समोर धरून विचारतात, "कोणतं?" भिंगरी ज्या वाटीकडे बघेल, ती देतात. लेक म्हणते, "आई, ती नुसती बघते. तुला वाटतं ती सांगतेय." बाई वाद घालत नाहीत. मीही बघितलंय. कधी वाटतं सांगतेय, कधी वाटतं लेकीचंच खरं.

भिंगरी आता नऊ वर्षांची आहे. उंच झालीय, आईच्या वळणावर गेलीय. चालणं सुटलं, पाठ एका बाजूला कलते, म्हणून पट्ट्याच्या खुर्चीत बसते. गेल्या रविवारी गेले तेव्हा तिला खुर्चीतून पलंगावर घ्यायचं होतं. जावई ट्रकवर होते. लेकीनं काखेत हात घातले, बाईंनी गुडघ्याखाली. उचलताना बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि अर्ध्यावरच त्यांना खाली बसावं लागलं. मी पुढं होऊन पाय धरले. पोरगी पलंगावर आली. लेकीनं तिच्या पाठीशी उशी लावली आणि मग जमिनीवर बसलेल्या आईकडे वळली.

"आई, तुझी कंबर गेली ना?"

"नाही गं. दम घेतेय."

"तू पडलीस तर मी काय करू? हिला बघू की तुला?" ती ओरडत नव्हती. खरंच विचारत होती.

बाईंनी पलंगाची कड धरून उठायचं बघितलं, जमलं नाही. मग म्हणाल्या, "मलाही तेच कळत नाही बघ."

लेक त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकली. पलंगावर भिंगरीचे हात चालूच होते, एकावर एक, त्यांचा बारीक खसखस आवाज ऐकू येत होता. मी स्वयंपाकघरात गेले, त्या दोघींसाठी पाणी आणलं, आणि दोघी प्यायल्यावर पेले विसळून ठेवून निघाले.