खंडेनवमीला डिकीतलं पिस्तूल

जर्मनीत अंगावर पिस्तूल बाळगायची परवानगी जवळजवळ कुणालाच मिळत नाही. माझ्यासारख्या क्लबच्या नेमबाजाने ते रेंजवर न्यायचं ते रिकामं, कुलूपबंद पेटीत. गोळ्या वेगळ्या, परवाना जवळ. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल पडलं, मग तो नवरा का असेना, तर आपला परवाना जाऊ शकतो. हे सगळं मी परीक्षा देऊन शिकले होते, तेही जर्मनमधून. त्यामुळे रेगेन्सबर्गच्या बाहेर पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली तेव्हा मी शांत होते. इंजिन बंद केलं, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

शेजारी नवरा होता. मागे सासूबाई, साताऱ्याहून आलेल्या, सुनेची स्पर्धा बघायला निघालेल्या.

एवढ्यात नवरा दार उघडून खाली उतरला. आपल्याकडे पोलिसाने अडवलं की उतरून त्याच्यापर्यंत जायचं, साहेब म्हणायचं, कागद काढायचे. इथल्या कार कारखान्यात इतकी वर्षं इंजिनियर म्हणून काढूनही ही सवय गेली नव्हती. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून हा सरळ चालत निघाला. पोलिसाचा हात कमरेला गेला.

"गाडीत बसा! हात दिसू देत!"

"अहो, बसा आधी!" मीही ओरडले.

तो बसला. मी पोलिसाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, "डिकीत स्पोर्ट पिस्तूल आहे. रिकामं, कुलूपबंद. परवाना माझ्या पर्समध्ये आहे, काढू का?"

त्याने मान हलवली. मी दिलेला परवाना वाचला आणि मला ओलांडून माझ्या नवऱ्याला विचारलं, "पिस्तूल तुमचं का?"

परवान्यावर माझं नाव, गाडी मी चालवत होते, बोललेही मीच.

"माझं," मी म्हणाले.

"तर मग, पेटी दाखवा," तो म्हणाला. पुन्हा नवऱ्यालाच. आणि आमचे हे मदतीला तत्पर! "किल्ली पर्समध्ये असेल ना?" म्हणत त्यांनी हात घातलासुद्धा.

"हात लावू नका!" मी पर्स ओढून घेतली. पोलिसाला म्हटलं, "यांच्याकडे परवाना नाही. हे पेटी उघडणार नाहीत. मी उघडेन."

डिकी उघडली. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं आणि वर एक शेवंतीचं फूल. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी सासूबाईंनी शस्त्रपूजा केली होती.

"हे लाल काय आहे?" पोलिसाचा आवाज बदलला. "हे शस्त्र आणखी कुणी हाताळलंय?"

आता खरा प्रश्न आला होता. माझ्या उत्तरावर परवाना टिकणार, की चौकशी लागणार हे ठरणार होतं. मी म्हणाले, "कुणी नाही. आमच्या सणाची पूजा आहे, ती पेटीवरच केली." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मागच्या सीटवरच्या म्हातारीकडे बोट करून पुढे बसलेल्या नवऱ्याला म्हणाला, "यांना विचारा."

नवऱ्याने विचारलं. सासूबाई सकाळपासून फुगून बसल्या होत्या, त्यांना तोंड फुटलं. "मी कसली हाताळतेय? तासभर मागे लागले, जरा उघड, शस्त्राला कुंकू लागू दे. किल्ली दिली नाही हिने! सुरीवर, कात्रीवर भागवलं, पेटीला बाहेरून बोटं लावली. तिजोरी असल्यासारखं करते. तुला तरी देते का कधी?"

"नाही देत," नवरा मराठीत म्हणाला आणि मग त्याने सगळं जर्मनमध्ये सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

पोलिस हसला. मला हसू आलं नाही. माझा शब्द पुरेसा नव्हता, माझ्याबद्दलची तक्रार मात्र पुरली. त्याने पिस्तूल पाहिलं, नंबर जुळवला, मी पेटीला पुन्हा कुलूप लावून जागेवर येऊन बसले. मग तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि परवाना खिडकीतून नवऱ्यापुढे धरला.

नवऱ्याने हात पुढे केला नाही. तेवढं तरी तो शिकला होता.

मी गाडी सुरू केली नाही. माझ्या बाजूच्या खिडकीतून हात बाहेर काढून ठेवला. "इकडे द्या, प्लीज." त्याला परत वळसा घालून यावं लागलं.

"जाऊ आता?" मी विचारलं.

"जा, जा," तो म्हणाला. या खेपेला माझ्याकडे बघून.

थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "माझ्यामुळे सुटलीस. आता तरी देशील किल्ली?"

"नाही," मी म्हणाले.