लॅपटॉपवरचा टिळा

दसऱ्याची सुट्टी संपवून सकाळी लॅपटॉप उघडला, तर पडदा अंधूक. बंद पडला असता तर निदान एकदाच रडून मोकळी झाले असते. अक्षरं दिसत होती, पण काजळी धरलेल्या कंदिलासमोर बसून वाचल्यासारखी. ब्राइटनेसचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. उजेड जरा वर यायचा आणि पुन्हा खाली बसायचा. लॅपटॉप कंपनीचा, म्हणून सेटिंगला कंपनीचं कुलूप. मी चिडले, आणि मी चिडले की ते शेजारच्या घरात कळतं.

चिडायला कारणही होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा पुण्यातली खोली सोडून मी कोल्हापूरला परत आले. आई आधीच गेलेली. घरून काम करायची परवानगी कंपनीने दिली, पण मोठे उपकार केल्याच्या थाटात. कामात अडचण आली तर मुकाट्याने परत यायचं, ही अट. तेव्हापासून जरा लाइट गेली तरी मी आधी लॅपटॉपचं चार्जिंग बघायला धावते.

पुण्याच्या साहेबांना फोन केला. "मशीन इकडे घेऊन या," ते म्हणाले. "आणि स्पष्टच सांगतो, तिकडून तुम्हाला हे जमणार नाही. आता इकडेच रुजू व्हा. वडिलांसाठी एखादी बाई ठेवा की."

बाई ठेवा! कुंडीला पाणी घालायला माणूस बघायचा होता जणू. आबांच्या तोंडात घास उजव्या गालाकडे द्यावा लागतो, डावीकडे गेला की ठसका लागतो. त्यांचं अर्धं बोलणं फक्त मला कळतं. हे सगळं मी साहेबांना सांगितलं नाही, कारण त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. सोमवारपर्यंतची मुदत मागून फोन ठेवला.

शिवाजी पेठेत आबांच्या फौंड्रीतल्या जुन्या दोस्ताच्या मुलाचं दुरुस्तीचं दुकान आहे. ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा येतो, दिवाळीत आमचा फराळ तिकडे जातो. त्याने माझ्या लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला. तिथे लख्ख उजेड.

"मशीनला काय झाल्यालं न्हाय, ताई. पडद्याचा पॅनल गेलाय. मागवाय लागंल."

"कधी येईल?"

"ईल की. आज न्हाय उद्या."

त्या 'ईल की'ने माझं डोकंच फिरलं. माझं घर सुटायची वेळ आली होती आणि हा निवांत ब्रश घेऊन लॅपटॉप साफ करत बसला. कीबोर्ड झाडला, पडदा पुसला, कडा पुसल्या. फक्त कॅमेऱ्याशेजारचा कुंकवाचा टिळा त्याने अलगद चुकवला.

"ते का ठेवलंस?" मी खेकसले.

"पूजेचं हाय, ताई. मी कसं पुसू?"

टिळा आबांचा. फौंड्रीत असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते आपली हत्यारं पुजायचे. आता हत्यारं उरली नाहीत, म्हणून यंदा माझ्या लॅपटॉपचा मान. चालत्या उजव्या हाताने त्यांनी कुंकू कालवलं आणि कॅमेऱ्यावर जाऊ नये म्हणून जपून शेजारी टेकवलं. आमच्याकडे पूजेचं कुंकू आपणहून झडेपर्यंत कुणी काढत नाही. फ्रिजवरचं गेल्या वर्षीचं अजून आहे.

पॅनल काही आला नाही, म्हणून रविवारी पुण्याची बॅग भरायला घेतली. आबा पलंगावरून बघत होते, त्याचाही मला राग येत होता. लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर जाणार, तिथे कुंकू बघून कुणी हसायला नको, म्हणून लॅपटॉप चालू असतानाच ओल्या फडक्याने तो टिळा खसाखसा पुसला.

पडदा भक्कन उजळला.

कुंकवाखाली एक बारीक भोक होतं. खोलीत किती उजेड आहे ते लॅपटॉप तिथून बघतो. टिळा बसल्यापासून त्याला वाटत होतं, रात्र झाली. म्हणून तो आपला उजेड कमी करून बसला होता. मी भडकले. एवढा घोर, पेठेतला हेलपाटा, साहेबांचं ऐकून घेतलेलं बोलणं, सगळं या बोटभर कुंकवापायी! आबांना झापायला वळले.

"पुसलंस व्हय?" ते आधीच म्हणाले. चेहरा पडला होता. "टिळा लावताना जोतिबाला म्हणलंतं मी. पोरीचं मशीन सांभाळ, बाबा. बंद पडलं तर तिला न्हेतील त्ये."

त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या अटीवरून मी फोनवर ओरडायचे, ते ऐकून हा माणूस एका यंत्रासाठी देवाची विनवणी करत होता. मुलगी घरात राहावी एवढ्यासाठी. मला साहेबांचा राग आला, त्या अटीचा आला, आबांना अशी भीती घालणाऱ्या सगळ्यांचा आला, आणि तो आजही गेलेला नाही.

साहेबांना फोन लावला. "पडदा नीट झालाय. मी येत नाही," म्हटलं आणि त्यांचं उत्तर यायच्या आत ठेवून दिला.

मग देव्हाऱ्यातली कुंकवाची वाटी आणून आबांच्या पुढ्यात धरली आणि लॅपटॉप मिटून त्याची पाठ त्यांच्याकडे केली.

"आता मागनं लावा," मी ओरडलेच. "आणि चांगलं मोठं लावा."