आत्याने मापात फाडलेला आवाज

आमच्या आत्याच्या दुकानातून कुठलाही रेडिओ मुका परत गेला नाही. फुशारकी वाटेल, पण पस्तीस वर्षं मी बघतोय. काउंटरमागे उंच स्टूल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, उजव्या हातात सोल्डरिंगची तापलेली काडी. लोक खरखरणारे डबे आणायचे नि गाणारे घेऊन जायचे. "खरखर म्हणजे कुणाचं तरी आळसाचं काम," असं तिचं ठाम मत. नेमकं तेच मत एके दिवशी तिच्या अंगाशी आलं.

तिच्या धाकट्या लेकीला गिटारचं वेड. त्या दिवशी पाचला सभागृहात ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती. सकाळी तिचं पेडल बंद पडलं. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून पुढे स्पीकरकडे जाते. धाकटी डबी काउंटरवर ठेवून तालमीला पळाली.

बिघाड एवढासाच होता, वायर खुपसायचा सॉकेट निखळला होता. आत्याने पाच मिनिटांत जोडला. तिथे थांबायचं ना! पण हात शिवशिवले. तिने डबी ऑसिलोस्कोपला, आवाजाची लाट काढून दाखवणाऱ्या यंत्राला, लावली. पडद्यावर लाट उमटली, तर तिचे शेंडे छाटलेले, वरून जास्त, खालून कमी. आत बघितलं तर दोन डायोड, एक काचेचा, एक काळा.

"कुणा गाढवाने हाताला लागले ते ठोकलेत," आत्या म्हणाली, आणि दोन्ही उपटले. काचेचा पकडीतच फुटला. लाट गोल गरगरीत झाली. आत्या खूश.

बाराला धाकटी आली. तार छेडली आणि तिचा चेहरा पडला.

"आई, काय केलंस हे?"

"साफ केलं. कसं स्वच्छ वाजतंय बघ."

"अगं, स्वच्छच वाजवायचं असतं तर पेडल कशाला घेतलं असतं? मला तो फाटका आवाजच हवाय! सगळं गाणं त्यावर बसवलंय मी."

मागच्या खोलीतून आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, ओरडले, "जन्मभर लोकांची खरखर काढली, आता घरच्यांची घाला!"

"तुम्ही पेपर वाचा," आत्या म्हणाली. पण कान लाल झाले होते. आपण दुरुस्त वस्तू बिघडवली, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकावं लागत होतं, तेही पोटच्या पोरीकडून.

तिने दोन काळे डायोड लावले. धाकटीने वाजवून मान हलवली. "हे करवतीसारखं लागतंय. आधीचा आवाज कसा, घसा बसलेल्या माणसाने जीव तोडून गावं तसा होता."

आत्या स्टुलावर बसली. मग बोटाने हवेत लाट काढत स्वतःशीच बोलू लागली. डबी आधी तारेचा आवाज भरमसाट वाढवते. मग हे दोन डायोड म्हणजे दरवान. लाट ठरल्या उंचीपुढे गेली की वरचं सगळं ग्राउंडच्या वायरीत वळवून टाकतात, म्हणून शेंडा सपाट होतो. त्या सपाट कडांतून मूळ सुराच्या डोक्यावर आणखी सूर फुटतात. आपण त्यालाच फाटणं म्हणतो. काळा डायोड उशिरा उघडतो आणि एकदम छाटतो. काचेचा जर्मेनियमचा. तो निम्म्यावरच उघडायला लागतो, हळूहळू, म्हणून कापतो तोही मऊ.

"गाढव नव्हता गं तो," आत्या म्हणाली. "कान असलेला माणूस होता."

जर्मेनियमचा डायोड आता बाजारात शोधायचा म्हणजे दोन दिवस. हातात चार तास. आत्याची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे तिचा रेडिओ होता, एकोणिसाव्या वर्षी स्वतः जुळवलेला पहिला. आतोबांच्या बातम्यांना तो लावायची तीच; त्याला हात लावायची आम्हाला कुणालाच मुभा नव्हती. त्याच्या पोटात तसलाच काचेचा डायोड होता.

"आई, तो नको," धाकटी हळूच म्हणाली.

"गप. काडी दे."

या वेळी पकड बाजूला ठेवून तिने चिमट्याने, श्वास रोखून तो काढला.

"आता मी बातम्या कशावर ऐकू?" आतोबा.

"माझ्याकडून ऐका. ताज्या असतात."

डायोड बसला. पडद्यावर लाट उमटली, वाकडी, वरून जास्त छाटलेली. आत्याचा हात सवयीने पकडीकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि झाकणाचे चारही स्क्रू पिळले.

पाचला आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. धाकटीने पायाने डबी दाबली आणि आवाज असा फुटला की माझ्या हातावर काटा आला. पुढच्या खुर्चीतले गृहस्थ बायकोकडे झुकून म्हणाले, "स्पीकर फाटलाय वाटतं."

आत्याने त्यांच्या खांद्यावर बोटाने टकटक केली.

"स्पीकर धडधाकट आहे," ती म्हणाली. "आवाज मी फाडलाय. मापात. आणि वाजवतेय ती माझी मुलगी."