कोरा चौकोन

मुलांनो, गेल्या वर्षी मी तुमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटात होते, तेव्हा दर मंगळवारी लायब्ररीत एक कृष्णवर्णीय आजी गोधडी शिवत बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या पूर्वजांना तिथं गुलाम म्हणून राबवलं होतं. एकेका पूर्वजावर त्यांनी कवितेची एकेक ओळ रचली होती आणि ती गोधडीच्या एकेका चौकोनावर दोऱ्यानं भरत होत्या. चार टाके घातले की सुई ठेवून बोटं चोळायच्या. नजर जायच्या आत त्यांना गोधडी पुरी करायची होती.

मधला एक चौकोन कोराच होता. मला रिकामी जागा बघवत नाही.

"इथं मी छानसं फूल भरून देते," मी म्हटलं.

"नको, हनी. ही माझ्या पणजीची बहीण. लहान असतानाच तिला विकली. नाव कुणालाच माहीत नाही. फूल काढलंत, तर लोक सुंदर म्हणतील आणि पुढे जातील."

"मग मी काय करू?"

"कडा शिवा. माझ्याच्यानं आता होत नाही."

कडा शिवायला मला दोन मंगळवार लागले. त्या पांढऱ्या कापडाच्या मध्ये मी सुई नेली नाही.