आईविना पहिल्या दिवाळीच्या वड्या

आई त्या वर्षी पावसाळ्यात गेली. त्या दिवाळीला आमच्या घरात गोड करायचं नव्हतं. शेजाऱ्यांनी फराळ आणून द्यायचा, अशी वाडीची रीत. मी घरातली पहिली पदवीधर, मी कसली रीत मानतेय! दरवर्षी आई वाटायची तशा नारळाच्या वड्या केल्या आणि डबा घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले.

"दुखवट्याच्या घरातलं गोड कसं घेऊ गो बाय?" काकू म्हणाल्या. मी दारातून हललेच नाही. शेवटी त्यांनी एक वडी तोंडात टाकली.

"वेलची अगदी तुझ्या आईसारखी पडलीय हो," म्हणत त्यांनी डबा ठेवून घेतला.

घरात वेलची नव्हतीच, म्हणून मी घातली नव्हती. परत येऊन ताटातली वडी चाखली. वेलची होती. आईच्या हातची ती चव बाकीच्या घरांच्या डब्यांत भरून वाटायला माझा हात पुढे होईना.